पळसाच्या लोकरीचं टोपडं

चांदा जिल्ह्यात लोकर विणणारी एक बाई होती असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. ज्या मुलखात वैशाखात कावळे झाडाखाली टपटप पडतात, तिथे लोकरीचं काय काम? पण हसणाऱ्यानं पूस महिन्यात धानोऱ्याकडच्या जंगलपट्टीत येऊन राहावं. शेकोटीपुढे बसलं तर पोट भाजतं आणि पाठ गारठते, पाठ फिरवली तर पोट गारठतं. माणूस तव्यावरच्या भाकरीसारखा उलटत राहतो. त्या थंडीत कोवळं लेकरू जगवायचं कसं, हा काही हसण्यावारी न्यायचा प्रश्न नव्हता. तिथल्या चिचटोला गावात त्याचं उत्तर भागीरथाबाईपाशी होतं, आणि ते आपल्यापाशी आहे हे ती कोणाला विसरू देत नव्हती.

भागीरथा लटारूची बायको. घरी धानाच्या बांध्या, बैलजोडी, दोन्ही लेकी उजवलेल्या. विणणं ती शिकली धानोऱ्याच्या ठाणेदारीणबाईपाशी. ठाण्यात दूध घालायला जायची, दूध मोजून झालं तरी उठायची नाही. बाईच्या बोटांकडे पाहत बसायची. पाहता पाहता हात चालू लागला. पुढे ठाणेदाराची बदली झाली, बाई गेली, विद्या चिचटोल्यात राहिली. पहिल्या सुया बांबूच्या, बुरडानं तासून दिलेल्या. त्या लोकरीत अडकायच्या. मग एका वादळात लटारूची छत्री मोडली. लटारू ती दुरुस्तीला नेणार तोवर भागीरथानं तिच्या काड्या उपसून लोहाराकडून टोकं घासून आणली. त्या पावसाळ्यात लटारू पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन धानाच्या रोवण्याला गेला.

"माही छत्री गावच्या लेकरायच्या डोक्यावर चढली," तो बांधीत उभा राहून सगळ्यांना सांगायचा, "अन् मी वलाच्या वला."

लोकर यायची नूर मोहम्मदकडून. धानोऱ्याच्या आठवडी बाजारात त्याचं दुकान लागे: बांगड्या, फण्या, रिबिनी, सुईदोरा. माल आणायला नागपूरला गेला की तो भागीरथाबाईसाठी लोकरीच्या चार लड्या आणायचा. बहुतेकदा पांढरी, कधी गुलाबी, एकदा तर पोपटी.

गावात बारसं असलं की बाकीच्या बाया ओटी भरायच्या, पाळण्यात काहीबाही ठेवायच्या. भागीरथा थांबायची. सगळ्यांचं ठेवून झालं, पाळण्याभोवतीची गर्दी जराशी हलली, की पदराआडून टोपडं काढायची. ते हवेत धरायची, दोन्ही बाजूंनी दाखवायची, मग लेकराच्या डोक्यावर चढवायची. बाजारात कोणाच्या कडेवर आपलं टोपडं दिसलं की रस्ता ओलांडून जायची आणि नीट असलेलं टोपडं पुन्हा नीट करायची. शेजारच्या गावची एक बाई जुन्या स्वेटरची लोकर उसवून टोपडी करते असं कानावर आलं, तेव्हा भागीरथानं विहिरीवर सगळ्यांसमोर नाक मुरडलं होतं. "उसवलेली लोकर म्हनजे उष्टं पान, बाई. मी असल्या लोकरीले हात नाई लावत."

हे वाक्य गावानं ऐकून ठेवलं होतं. गाव असं काही सांडू देत नाही.

सोनी तिच्या माहेरच्या गावची. गावातल्या डोमाशी तिचं लग्न भागीरथानंच जमवलं, म्हणून सोनी तिला मावशी म्हणायची. फागुनात सोनीला दिवस राहिल्याचं कळलं, तेव्हा सगळं रान पळसानं पेटलेलं होतं. सोनीच्या मनात आलं की आपल्या लेकराचे कपडे बाजारच्या रंगाचे नकोत, आपल्या रानाच्या रंगाचे पाहिजेत. तिनं भागीरथाकडून पांढरी लोकर मागून घेतली, ओटीभर पळसफुलं वेचली आणि अंगणात मोठ्या गंजात ती उकळत घातली. शेजारच्या बाया पाहायला आल्या. गंजातून पिवळा वाफारा उठत होता. भागीरथा मध्ये बसलेली, जशी काही रंगारणीच्या पोटी जन्मली.

"मावशी, तुरटी टाकाव का हो? घरची बुढी म्हनते, तुरटीबिगर रंग धरत नाई," सोनीनं विचारलं.

भागीरथानं उभ्या जन्मात कधी काही रंगवलं नव्हतं. पण एवढ्या बायांमध्ये 'मला माहीत नाई' हे शब्द तिच्या तोंडून कसे निघणार? "कायले तुरटी? सूत थोडी हाय हे. लोकर आपोआप रंग पिते."

लोकर निघाली ती अशी पिवळी की दोरीवर वाळत घातली तर अंगणात उजेड पडला. सोनीची सासू मात्र दारातून कुरकुरली. लेकरू जमिनीवर यायच्या आधी त्याचं कापड करू नये. आपल्याकडे पहिले जुन्या लुगड्याचं बाळोतं, नवं ते बारशाला. भागीरथानं हात झटकला. "पोटातल्याले का समजते, बुढे, बाहेर कोन का विनून राह्यलं ते?" आणि आषाढ संपायच्या आत टोपडं, झबलं, पायमोजे करून मोकळी झाली. काठाला जाळीचा टाका घातला होता. तसलं काम तिच्या हातून आधी झालं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

सोनीचं लेकरू भादव्यात झालं आणि नाव ठेवायच्या आत गेलं.

कोणी भागीरथाला काही बोललं नाही. लेकरं जायची तेव्हा. घरोघरी कोणाचं ना कोणाचं गेलेलं होतं. माणसांनी मोहाच्या झाडाखाली माती दिली. मग एका सकाळी सोनी फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन भागीरथाच्या दारात आली. डोळे कोरडे होते, आवाज बसलेला.

"मावशी, हे घरात ठेवनं नाई होत माह्याच्यानं. अन् जाळनंही नाई होत. तू नदीत सोडून ये. तुह्या हातचं हाय, तूच सोड."

"सोडतो, माय. आत्ताच जातो," भागीरथा म्हणाली, आणि तशीच निघाली.

कठाणी नदी दोन्ही काठ भरून चालली होती. पाणी गढूळ, त्यात ओंडके, गवताचे भारे. भागीरथानं काठावर बसून गाठोडं सोडलं. सोडायला नको होतं. गाठ न सोडता फेकलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. जाळीचा काठ हाताला लागला. टाका न् टाका सारखा. अंगाला न लागलेलं, कोरं करकरीत. लेकरानं कुठं घातलं होतं हे? पाणी याचं काय करील? कुजवील. तिच्या हातानं आजवर लोकरीचा वीतभर तुकडाही फेकला नव्हता, आणि आता ते हात उघडेचनात. शेवटी तिनं फडकं तेवढं पाण्यात टाकलं आणि कपडे ओच्यात घालून घरी आणले. पेटीच्या तळाशी, जुन्या लुगड्याखाली ठेवले.

संध्याकाळी सोनी विहिरीवर भेटली. "सोडलं?"

"सोडलं. पानी केवढं होतं! लगेच वाहून गेलं."

सोनी दोर ओढता ओढता थांबली. "काय गेलं पहिले? टोपडं का झबलं?"

असं कोणी विचारील हे भागीरथाच्या ध्यानीमनी नव्हतं. "टोपडं," ती म्हणाली. "टोपडं गेलं पहिले. मंग झबलं."

सोनीनं मान हलवली. जणू तिला तेच ऐकायचं होतं.

त्याच साली नूर मोहम्मदच्या घरी पाळणा हलणार होता. लग्नाला किती तरी वर्षं झाली होती. साबिराची कूस उजवावी म्हणून त्याच्या म्हातारीनं, हाजरानं, कोणता दर्गा सोडला नव्हता. साबिराला सातवा लागला तेव्हा भागीरथानं भर बाजारात दुकानापुढे उभं राहून सांगितलं होतं, "तुमच्या लेकराच्या अंगावर पहिला कपडा चढन तं माह्या हातचा."

पण बायकोचे दिवस भरत आले म्हणून नूर मोहम्मद त्या हिवाळ्यात नागपूरला गेलाच नाही. "बाई, औंदा लोकर नहीं ला सका," तो ओशाळून म्हणाला. "रहने दो. बच्चा पुराने कपड़े में भी बड़ा होता है."

तो सरळ सुटका देत होता. 'बरं' म्हणून निघून यायचं होतं. पण आजूबाजूला चार बाया उभ्या होत्या. भागीरथाच्या तोंडून निघून गेलं, "तुमी कायले चिंता करता, भाऊ? माहा भाऊ हाय ना बल्लारपूरले, कागदाच्या मिलमध्ये. त्यानं आनून ठेवली हाय लोकर."

भाऊ होता. मिलमध्येही होता. लोकर तेवढी नव्हती.

घरी येऊन तिनं पेटी उघडली.

उसवायला वेळ लागत नाही. जे करायला आषाढ गेला ते दुपारभरात निघालं. सुर्र सुर्र करत टाका टाक्यामागून सुटत गेला, आणि मांडीवर लोकरीचा ढीग पडला, तो सगळा वाकडातिकडा, मुरडलेला. उसवलेली लोकर आपली जुनी वळणं विसरत नाही. तिला भिजवून, वजन बांधून लोंबवावी लागते. भागीरथानं लड्या भिजवल्या. गंजातलं पाणी पिवळं झालं. तिनं ते पाहिलं. वरवरचा रंग असेल, निघून गेला, असं मनाशी म्हणाली आणि पाणी घरामागच्या सांदवाडीत ओतून दिलं. दुसऱ्यांदा धुवून पाहिलं नाही. धुतलं तर रंग उतरेल आणि लोकर फिकी दिसेल, ही भीती.

लड्या वळचणीला लोंबत होत्या, खाली वजनाला पाण्याचा लोटा बांधलेला. लटारू बैल बांधून आला, मान वर करून पाहत राहिला.

"हे कुठलं?"

"बल्लारपूरचं."

लटारूनं चिलीम दगडावर ठोकली, आणि जेवायला बसला तेव्हा बायकोकडे न बघता म्हणाला, "वळखीचं वाटते."

"जेवा गपचूप," भागीरथा म्हणाली.

जाळीचा टाका तिनं टाळला. भरीव टाका घातला, काठ दुमडला, पुढे गुंडीची पट्टी केली. टाका बदलला की ओळख बदलते, असं तिला वाटत होतं. रंगाचं तिच्या मनात आलं नाही, किंवा आलं आणि तिनं येऊ दिलं नाही.

साबिराला पोरगा झाला. सहाव्या दिवशी, छठीला, भागीरथानं आपल्या रीतीप्रमाणे सगळ्यांचं ठेवून होऊ दिलं आणि मग पदराआडून काढलं. हाजरा म्हातारीनं तिची बोटं आपल्या डोळ्यांना लावली. "अल्ला तुमारे हात सलामत रखे, बाई. क्या रंग है! उड़ेगा तो नहीं?"

"पक्का हाय," भागीरथा म्हणाली. "मिलच्या गावची लोकर हाय, आपल्या इथली थोडी हाय."

सोनी छठीला नव्हती. भादव्यापासून ती कोणाच्या पाळण्यापाशी जात नसे. भागीरथानं हेही हिशेबात धरलं होतं.

त्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी भागीरथा धानोऱ्यात होती. खांद्याला थैली, थैलीत नेहमीसारख्या सुया. सोनी तिथेच एका ओळीत वालाच्या शेंगा विकायला बसली होती. तेवढ्यात बांगड्यांचं दुकान तसंच उघडं टाकून नूर मोहम्मद घराकडे पळाला, आणि मागून बातमी आली: लेकराला कावीळ झाली. सारं अंग पिवळं पडलं. इतवारी वैदूला बोलावलं आहे, डाग देणार आहे.

 पिवळं म्हटल्याबरोबर भागीरथाला सांदवाडीत ओतलेलं पाणी दिसलं.

ती धावली. बाजारच्या बायाही धावल्या, शेंगा शेजारणीवर सोपवून सोनीही आली. आपलं गेलेलं होतं, म्हणून दुसऱ्याचं जाऊ नये इतकंच तिच्या मनात असेल.

खोलीत बाजेवर साबिरा बसलेली, तोंडात पदर कोंबलेला. हाजराच्या मांडीवर लेकरू. डोक्यावर टोपडं, अंगात झबलं. कपाळावर पिवळा पट्टा, कानामागं पिवळं, गळ्याच्या घडीत पिवळं. तेल चोळलेल्या अंगाला लोकर घासली होती, शेकोटीपाशी घाम आला होता, आणि पळसानं आपलं काम केलं होतं. भागीरथाला हे दारातूनच कळलं. तिच्याखेरीज कोणाला कळलं नाही.

"दाई रोज सुबह धोती है तो उतरता है," हाजरा रडत सांगत होती, "शाम तक फिर चढ़ता है."

"तशीच असते कावीळ," इतवारी म्हणाला. म्हातारा माणूस, हात हलका, नजर अधू, वाईट नव्हता. घमेल्यात निखारे फुलले होते. "चढते, उतरते, अन् एक दिवस उतरतच नाई. बेंबीच्या वर दोन डाग दिले का थांबते."

"डोळे पाह्यले का, भाऊ?" भागीरथा पुढे झाली. बायांची आणि लेकराची आड होईल अशी उभी राहिली. सोनी मागं दारात होती. "डोळे पांढरे असन तं कावीळ नाई म्हनतेत."

"डोळ्यात मागून येते."

"मी म्हनतो, दोन दिवस कपडे काढून ठेवून पाहा ना. हवा लागू द्या अंगाले."

"इस सर्दी में?" हाजरा तिच्याकडे पाहतच राहिली. "नंगा रखूं? तुमने इतने प्यार से बनाया, बाई, उसी से तो बचा है."

भागीरथाला खरं तर एवढंच बोलायचं होतं: रंग आहे. पण रंग म्हटलं की कोणता, हे आलं. पळस म्हटलं की सोनीचं अंगण आलं, गंज आला, आणि त्या गंजाभोवती बसलेल्या बाया इथे दारात उभ्या होत्या. एक शब्द बोललं की सगळं उसवत जाणार होतं, आणि ते टोक तिच्याच हातात होतं.

इतवारीनं कमरेचा विळा काढला, टोक चाचपलं, मान हलवली. "हे जाड पडन. कोवळं हाय. बारीक सळई पाह्यजे."

"भागीरथाबाईच्या थैलीत हायेत ना सुया!" एक बाई म्हणाली. "द्या ना, बाई. छत्रीच्या हायेत, बारीक."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. आणि भागीरथानं थैलीत हात घालून सुई काढून दिली.

ही गोष्ट ती पुढे कधी विसरली नाही. नदीवर खोटं, विहिरीवर खोटं, बाजारात खोटं. त्या सगळ्याला तिनं मनात काही ना काही सबब केली होती. पण सुई काढून दिली त्याला सबब नव्हती. हात आपणहून गेला. लाज वाचवायला माणसाचा हात काय काय देऊन टाकतो, हे तिनं आपल्याच हाताकडे पाहून ओळखलं.

सुई निखाऱ्यात गेली. आधी काळी झाली, मग निळसर, मग टोकाला लाल. साबिरानं लेकराचे पाय धरले आणि तोंड फिरवलं. हाजरानं झबलं वर केलं. इतवारीनं फडक्यानं सुई उचलली.

"थांबा," भागीरथा म्हणाली.

आवाज एवढा बारीक निघाला की कोणी ऐकला नाही.

"थांबा म्हनतो ना!" तिनं इतवारीचा हात धरला, मग उंबऱ्यापाशी ठेवलेल्या लोट्यात अंगठा बुडवला आणि लेकराच्या टोपड्याचा काठ खसखसा घासला. अंगठा सगळ्यांपुढे धरला. अंगठा पिवळा झाला होता.

"कावीळ नाई. रंग हाय. पळसाचा रंग हाय."



"पळसाचा?" मागून कोणीतरी म्हणालं. "बल्लारपूरच्या मिलमध्ये पळस उकळतेत काय वं?"

एक बाई हसली. हसता हसता तिचं हसू थांबलं, कारण बाकीच्या बाया वळून दाराकडे पाहत होत्या. सोनी वाट काढत पुढे आली. वाकली. टोपड्याचा काठ दोन बोटांत धरून उलटून पाहिला, जसा बाजारात कोणी धानाचा दाणा पाहतं. लेकराला मुळीच धक्का लागू दिला नाही. मग सरळ उभी राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "भादव्यात नदीले पानी नव्हतं काय?"



साबिरा एकीकडून दुसरीकडे पाहत होती. "क्या हुआ? किसका है ये? कोई बोलते काऊन नाई?"

 बाया आपल्या पायांकडे पाहत होत्या. हे सांगायचं काम एकीचंच होतं, आणि ते तिच्यासाठी ठेवून सगळ्या उभ्या होत्या. तेव्हा भागीरथानं सांगितलं. सोनीच्या लेकराचं होतं. ते गेलं. नदीत सोडायला दिलं होतं. सोडलं नाही. उसवून हे केलं. पाच-सहा वाक्यांत झालं.

साबिरानं लेकराच्या अंगातून झबलं ओरबाडून काढलं. टोपडं कानाला अडकलं, लेकरू किंचाळलं. कपडे तिनं भागीरथाच्या हातात दिले नाहीत, फेकलेही नाहीत. जमिनीवर ठेवले आणि हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले. हाजरानं आपली जुनी ओढणी काढून लेकराला गुंडाळलं. इतवारीनं सुई लोट्यातल्या पाण्यात बुडवली. चर्र झालं.

"घ्या तुमची सुई, बाई," तो म्हणाला. "माह्या हातून पाप करवत होते तुमी."

"उसवलेली लोकर म्हनजे उष्टं पान," मागची बाई हळू म्हणाली. कोणाला उद्देशून नाही.

नूर मोहम्मद दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाई," तो म्हणाला, "नहीं है बोल देतीं. मैं बुरा मानता क्या?"

सोनीनं कपडे उचलले आणि बाहेर पडली. भागीरथा तिच्या मागं निघाली. कोणी सांगितलं नव्हतं, पण ती पुढे गेली असती तर ते धाडस दिसलं असतं आणि मागं राहिली असती तर पळ. बाजाराच्या मधून दोघी गेल्या. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. टोपल्यांमागून माणसं पाहत होती, आणि ज्यांच्या कडेवर तिची टोपडी घातलेली लेकरं होती त्या बाया नकळत टोपड्याला हात लावून बघत होत्या. एकीनं तर थुंकी लावून अंगठा घासला.

पूस महिन्यातली नदी. भादव्यात ओंडके वाहून नेणारी कठाणी आता वाळूत इकडेतिकडे पसरलेली, गुडघ्याएवढी, काचेसारखी. सोनीनं कपडे तिच्या हातात दिले.

"आता सोड. मी पाह्यतो."

भागीरथानं झबलं, टोपडं पाण्यावर ठेवलं. ते गेलंच नाही. लोकरीत हवा असते, ती लवकर बुडत नाही, आणि त्या पाण्याला ओढ तरी कुठली! दोन्ही कपडे काठाशी गरगरत राहिले, भोवती पिवळा रंग सुटत गेला, आणि दगडाला अडकून बसले. भागीरथानं काडीनं ढकललं. परत आले. शेवटी ती लुगडं खोचून पाण्यात उतरली. थंडी हाडांत शिरली. दगडापाशी वाकून तिनं आधी एक सोडवलं, मग दुसरं, आणि मधल्या धारेपर्यंत हातानं लोटत नेलं. धारेत झबल्यानं पाणी प्यायलं, बाह्या पसरल्या, आणि ते हळूहळू निघालं. टोपडं मागं राहून फिरत होतं.

"पाह्य," सोनी काठावरून म्हणाली. "झबलं पहिले जाते."

भागीरथा पाण्यात उभी होती. मागं वळून पाहायची तिची हिंमत झाली नाही. टोपडं वळणापर्यंत जाऊन दिसेनासं होईतो ती तशीच उभी राहिली, आणि वळली तेव्हा काठावर कोणी नव्हतं.

त्या हिवाळ्यात गावातल्या कोणत्याही बारशाला तिला बोलावणं आलं नाही. गेली असती तर कोणी हाकललं नसतं. पण ती गेली नाही. गावानं मात्र सोनीचं वाक्य उचललं. कोणी काम न करता केलं म्हणालं की पोट्टे विचारायचे, "काऊन बे, नदीले पानी नव्हतं काय?" पुढे पुढे ते कुठून आलं हे पोट्ट्यांना ठाऊकही राहिलं नाही. भागीरथाच्या कानावर पडलं की ती मात्र हातातलं काम थांबवायची.

दोन वर्षांनी सोनीला पोरगी झाली. जुन्या लुगड्याची कुंची घालून वाढली. साबिराचा पोरगा तर दुकानाच्या फळीखाली रांगू लागला होता, उघड्या डोक्यानं.

विणणं काही सुटलं नाही. हाताला लागलेलं काम लाजेनं सुटत नसतं. पण आता कोणी दारात येऊन मागितलं तरच ती करायची, आणि मागणाऱ्या तशा थोड्याच. टोपडं हवेत धरून दाखवणं संपलं. त्याऐवजी लोट्यात अंगठा बुडवायची, आईच्या डोळ्यांदेखत काठ घासायची, अंगठा पुढे करायची, आणि मग द्यायची. लोकर कुठली, कोणी आणली, हे न विचारता सांगायची. बाया मान खाली घालून ऐकून घ्यायच्या.

सुया त्याच. एक पांढरी, एक काळी पडलेली आणि टोकाशी जराशी वाकलेली. वाकलेल्या सुईवर टाका अडकायचा, ओढून काढावा लागे. लटारूनं एकदा लोहाराकडे जाता जाता विचारलं, "दे, सरळ करून आनतो. नाई तं नवीन करू. आता तं दुसरी छत्रीही जुनी झाली माही."

"राहू दे," भागीरथा म्हणाली, आणि अडकलेला टाका नखानं सोडवत बसली. "छत्री राहू दे तुमची. पावसात वले व्हान."